ओझोन, हायड्रोजन आणि कोल्हापूरच्या साठ रात्री

१ नोव्हेंबर २००२ ते २९ एप्रिल २००३ या काळात कोल्हापुरातून रात्रीच्या आकाशाचा एक फार मंद प्रकाश मोजला गेला. जमिनीपासून सुमारे ८७ किलोमीटर उंचीवर हायड्रॉक्सिल नावाचा दोनच अणूंचा कण असतो, एक ऑक्सिजनचा आणि एक हायड्रोजनचा. हा प्रकाश त्याचा. सहा महिन्यांत हिशेबात धरता येतील अशा साठ रात्री मिळाल्या. त्यांवरून त्या उंचीवरच्या हवेचे सरासरी तापमान निघाले २०२ केल्व्हिन, म्हणजे उणे ७१ अंश सेल्सिअस, त्यात कमी-जास्त पंधरा. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. के. मुखर्जी आणि एन. परिहार यांनी २००४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वातावरणशास्त्राने त्यांची दखल घेतली. पण वायुरूप अवस्थेतल्या रासायनिक अभिक्रिया लेसरच्या साहाय्याने कशा उलगडत गेल्या, हा इतिहास जेव्हा सांगितला जातो तेव्हा तो टोरांटो, बर्कली, स्टॅनफर्ड आणि भारतापुरता फार तर तुर्भ्याची अणुसंशोधन संस्था इथेच थांबतो. कोल्हापूर त्यात येत नाही, कारण तिथे लेसर नव्हता. ही वगळणूक चुकीची आहे असे मला वाटते, आणि ती केवळ गावाच्या अभिमानापोटी नव्हे. या विद्येत आकाशाने प्रश्न विचारला आणि प्रयोगशाळेने उत्तर दिले, असेच आरंभापासून घडत आले आहे. उत्तर हाती आल्यावर आकाशाची जुनी नोंद नव्याने वाचावी लागते. नोंद आणि उत्तर यांतले एक वगळून दुसऱ्याचा इतिहास लिहिता येत नाही.

त्या उंचीवर काय घडते ते आधी पाहू. दिवसा सूर्याचे अतिनील किरण ऑक्सिजनच्या रेणूचे दोन तुकडे करतात. ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की हे सुटे अणू सूर्य मावळल्यावरही बराच काळ टिकतात. असा एखादा अणू ऑक्सिजनच्या अखंड रेणूला भेटतो, जवळचा तिसरा रेणू जास्तीची ऊर्जा घेऊन जातो आणि ओझोन तयार होतो. या ओझोनवर हायड्रोजनचा अणू आदळला की तो त्यातला एक ऑक्सिजन ओढून घेतो. मागे उरतो साधा ऑक्सिजन आणि नवा जन्मलेला हायड्रॉक्सिल. पुढे हायड्रॉक्सिलला ऑक्सिजनचा सुटा अणू भेटला की हायड्रोजन पुन्हा मोकळा होतो आणि तेच चक्र सुरू राहते. म्हणजे रात्री चमकणारी ही ऊर्जा दिवसाच्या सूर्याचीच असते. ओझोन आणि हायड्रोजन यांच्या एका टकरीत सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सुटते. एवढ्याशा कणाच्या मानाने ही फार मोठी रक्कम आहे. ती जाते कुठे? कण वेगाने पळू शकतात, स्वतःभोवती गरगर फिरू शकतात किंवा त्यांच्या दोन अणूंमधला बंध थरथरू शकतो. पुंजभौतिकीच्या नियमानुसार ही थरथर हवी तितकी नसते, ती ठरलेल्या पायऱ्यांनीच वाढते. ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये हायड्रॉक्सिल जास्तीत जास्त नवव्या पायरीपर्यंत चढू शकतो. प्रत्यक्षात बहुतेक हायड्रॉक्सिल नवव्या, आठव्या, सातव्या पायरीवरच जन्म घेतात आणि खाली उतरताना प्रकाश फेकतात. त्यातला बराचसा अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही. सुटलेली ऊर्जा कोणत्या कणात, कोणत्या हालचालीत, किती वाट्याने गेली याचा शोध म्हणजेच अभिक्रियांचे गतिविज्ञान. अभिक्रिया होते का आणि किती वेगाने होते हे रसायनशास्त्राला पूर्वीही मोजता येत होते. होण्याच्या त्या क्षणी काय घडते, हा प्रश्न नवा होता.

आकाश आधी आणि प्रयोगशाळा नंतर, हा क्रम दक्षिण महाराष्ट्राच्या परिसरात दीडशे वर्षांपूर्वीच दिसला होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा या भागावरून गेला. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात (आज ते कर्नाटकात आहे) लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी वर्णपटदर्शक लावला होता. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांचे ते नातू. ढगांच्या फटीतून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला क्षणभर दिसल्या आणि त्यांच्या वर्णपटात सलग रंगपट्टा न दिसता तांबडी, नारिंगी आणि निळी अशा सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. सुट्या रेषा म्हणजे वायू. ज्वाला वायुरूप आहेत हे त्या दिवशी भारतातल्या अनेक ठिकाणांहून एकदमच सिद्ध झाले. त्यांतली नारिंगी-पिवळी रेषा कोणत्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ही रेषा पाहिली आणि पुढे त्या अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडले, तेव्हा विल्यम रॅमसे यांनी ते एका खनिजातून मिळवले. मध्ये सत्तावीस वर्षे गेली. विजयदुर्गच्या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवले जाणारे चौथरे आहेत आणि लॉकियर यांनी १८६८ मध्ये तिथूनच हेलियम शोधला अशी समजूत कोकणात पक्की बसली आहे. ती दुरुस्त करायला हवी. १८६८ मध्ये लॉकियर भारतात नव्हते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि त्यांच्या हाताखाली ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी निरीक्षक म्हणून तयार झाले होते. ओटे त्या मोहिमेशी जोडायला हवेत. याने विजयदुर्गचे महत्त्व उणे होत नाही. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक के. डी. नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी असे दोन तळ पडले होते. आपल्या भागात वर्णपटशास्त्र आले ते असे, ग्रहणांच्या मागोमाग, आणि कॉलेजांच्या रसायनशाळांत ते रुजण्याआधी.

रात्रीच्या आकाशाच्या बाबतीत तर प्रयोगशाळेला याहून जास्त वेळ लागला. ध्रुवीय प्रकाशातली हिरवी रेषा स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी १८६० नंतरच्या दशकात मोजली. तीच रेषा, ५५७.७ नॅनोमीटरची, ध्रुवीय प्रकाश नसलेल्या साध्या रात्रीही आकाशभर असते हे पुढे कळले. ती कुणाची, हे टोरांटो विद्यापीठात मॅक्लेनन आणि श्रम यांनी १९२५ मध्ये दाखवून दिले. ती ऑक्सिजनच्या सुट्या अणूची होती. उशीर का झाला, याचे कारण या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. ही रेषा फेकण्याआधी ऑक्सिजनचा अणू जवळजवळ पाऊण सेकंद उत्तेजित अवस्थेत थांबतो. साध्या नळीत एवढ्या वेळात त्याच्या इतक्या टकरी होतात की ऊर्जा प्रकाश न होताच विरून जाते. शंभर किलोमीटर उंचीवर टकरी थोड्या, म्हणून तिथे ती रेषा सहज दिसते. माणसाच्या हाती चांगले निर्वात पंप येण्याआधी आकाशाने हा विरळपणा फुकट दिला होता. हायड्रॉक्सिलचेही तसेच झाले. १९५० मध्ये अमेरिकेच्या यर्कीज वेधशाळेत एडन माइनेल यांनी रात्रीच्या आकाशातले अवरक्ताजवळचे पट्टे हायड्रॉक्सिलचे असल्याचे ओळखले, आणि त्याच वर्षी बेट्स व निकोले यांनी त्यामागे ओझोन-हायड्रोजन अभिक्रिया असावी असे मांडले. महाराष्ट्रातही या विषयाचे जुने घर आहे. पुण्यात चिपळूणकर आणि त्यांच्यानंतर आगाशे यांनी रात्रीच्या आकाशाच्या दीप्तीची मोजणी पुष्कळ वर्षे केली. मात्र त्या काळात हायड्रॉक्सिल कोणत्या पायरीवर जन्मतो हे पृथ्वीवरच्या कोणत्याही यंत्राने थेट पाहिलेले नव्हते. बेट्स-निकोले यांचे गणित बरोबर असावे असे सगळ्यांना वाटत होते, एवढेच.

ते पाहिले टोरांटोनेच. १९५८ मध्ये तिथे कॅशन आणि जॉन पोलानी यांनी हायड्रोजनचे अणू आणि क्लोरीन कमी दाबाखाली एकत्र आणले आणि नव्या जन्मलेल्या हायड्रोजन क्लोराइडमधून निघणारा मंद अवरक्त प्रकाश पकडला. विस्तव नाही, बाहेरून उष्णता नाही. अभिक्रियेची ऊर्जाच प्रकाश होऊन बाहेर येत होती. त्या प्रकाशाच्या रेषांच्या कमी-जास्त उजेडावरून पोलानी यांनी किती रेणू कोणत्या कंपनाच्या आणि कोणत्या भ्रमणाच्या पायरीवर जन्मले याचा ताळेबंद मांडला. पुढे १९७१ मध्ये चार्टर्स, मॅक्डोनाल्ड आणि पोलानी यांनी हीच रीत ओझोन आणि हायड्रोजन यांच्या अभिक्रियेला लावली. आकाशाने वीस वर्षांपूर्वी जे सुचवले होते ते काचेच्या भांड्यात दिसले, हायड्रॉक्सिल शिडीच्या अगदी वरच्या टोकाला जन्मतो. या इतिहासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. खालच्या पायरीवर थोडे आणि वरच्या पायरीवर जास्त रेणू, अशी उलटी गर्दी झाली की तिच्यातून लेसर मिळू शकतो. रासायनिक अभिक्रियेतून लेसर घडवता येईल असे पोलानी यांनी लेसरच्या जन्माच्या सुमारासच मांडले आणि १९६५ मध्ये बर्कलीत कॅस्पर व पिमेंटेल यांनी हायड्रोजन क्लोराइडचा तसा लेसर प्रत्यक्ष चालवून दाखवला. अभिक्रियेच्या अभ्यासातून लेसरचा एक प्रकार निघाला आणि थोड्याच वर्षांत लेसर त्या अभ्यासाचे मुख्य साधन झाला. रिचर्ड झेअर यांच्या गटाने १९७२ च्या सुमारास अभिक्रियेतून नव्याने जन्मलेल्या रेणूंवर रंग बदलता येणारा लेसर सोडून त्यांची प्रतिदीप्ती मोजली. लेसरचा रंग एका विशिष्ट पायरीशी जुळला तरच त्या पायरीवरचे रेणू उजळतात, बाकीचे गप्प राहतात. रंग सरकवत गेले की एकेका पायरीवरची शिरगणती होते. या सगळ्या क्षेत्राला १९८६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते हर्शबाख, ली आणि पोलानी यांच्या नावाने.

भारतात ही विद्या आली ती तुर्भ्याला, आणि वेळेवर आली. १९६४ मध्ये तिथे गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला आणि पुढच्या वर्षी त्याच्या प्रकाशावर तुर्भे ते कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था असा संदेश पाठवून दाखवला गेला. रसायनशास्त्रातले लेसर नंतर आले. तुर्भ्याच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. डी. नाईक, एच. पी. उपाध्याय, अवधेश कुमार, ए. व्ही. सप्रे आणि जे. पी. मित्तल यांच्या गटाने ज्या कणाचा पाठलाग केला तो योगायोगाने हायड्रॉक्सिलच होता. अ‍ॅक्रिलिक आम्ल किंवा अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन यांसारख्या पदार्थाची वाफ फार कमी दाबाखाली ठेवायची. तिच्यावर अतिनील लेसरचा, उदाहरणार्थ १९३ नॅनोमीटरचा, काही नॅनोसेकंदांचा एक स्पंद सोडायचा. रेणू फुटतो आणि त्यातून हायड्रॉक्सिल सुटतो. लगेच, त्याची कुणाशी टक्कर व्हायच्या आत, दुसऱ्या लेसरचा स्पंद ३०८ नॅनोमीटरच्या आसपास सोडायचा आणि हायड्रॉक्सिलची प्रतिदीप्ती मोजायची. दोन स्पंदांमधली वेळ नॅनोसेकंदांनी मोजावी लागते, कारण टक्कर झाली की जन्माच्या वेळची माहिती पुसली जाते. रेषेची रुंदी पाहिली तर तुकडा किती वेगाने पळाला तेही कळते. तुर्भ्याच्या गटाचे असे शोधनिबंध २००२ आणि २००३ मध्ये येत होते आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात कोल्हापुरात हायड्रॉक्सिलच्या रेषा मोजल्या जात होत्या. दोन्ही ठिकाणी कण तोच होता, आणि त्याच्या पायऱ्यांवरच्या गर्दीवरून त्याची कहाणी वाचण्याची युक्तीही तीच होती. तरी एका कामाची नोंद रसायनशास्त्रात झाली आणि दुसऱ्याची भूभौतिकीत. ज्ञानाचे खाते कोणत्या मंत्रालयाच्या अनुदानावर चालते यावरून त्याचा इतिहास ठरावा, हे मला मान्य नाही.

कोल्हापूर हे ठिकाण निवडले जाण्यामागे कारण होते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत आहे. १८२६ मध्ये ती उभी राहिली, १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद सुरू झाली, आणि मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये चुंबकीय मोजणी अलिबागला हलवली गेली. १९७१ मध्ये तिला स्वायत्त संस्थेचे रूप मिळाले. या संस्थेला चुंबकीय विषुववृत्तावरच्या तिरुनेलवेलीखेरीज, त्या रेषेच्या थोडे उत्तरेला दुसरे ठाणे हवे होते. १६.८ अंश उत्तर अक्षांशावरच्या कोल्हापूरचा चुंबकीय अक्षांश साडेदहा अंशांच्या आसपास पडतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे माळावरचे मोकळे आवार उपलब्ध होते. १९९९ मध्ये तिथे सुमारे दोन मेगाहर्ट्झवर चालणारा रडार उभा राहिला आणि तो ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचे वारे मोजू लागला. शहराच्या उजेडापासून दूर पन्हाळ्यावरून संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेतली गेली. हिरव्या रेषेत आणि हायड्रॉक्सिलच्या अवरक्त प्रकाशात उमटलेल्या, हवेच्या कमी कालावधीच्या लाटांचा मुखर्जी यांनी पन्हाळ्यावरून केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाचे गणित मात्र पावसाच्या हाती. जून ते सप्टेंबर कोल्हापूर-पन्हाळ्याचे आकाश ढगांनी भरलेले असते आणि उरलेल्या महिन्यांतही चांदण्या रात्री या कामाला निरुपयोगी ठरतात. मोजणी नोव्हेंबर ते एप्रिल याच महिन्यांत का झाली आणि त्यांतही साठच रात्री का मिळाल्या, याचे उत्तर बरेचसे यातच आहे.

या मोजणीचे यंत्र जवळून पाहिले तर त्याची हुशारी कळते. त्याच्या तोंडाशी एक व्यतिकरण फिल्टर असतो. तो अगदी अरुंद पट्ट्यातलाच प्रकाश आत सोडतो. फिल्टर सरळ धरला तर एक तरंगलांबी आत येते, तो थोडा कलता केला की पट्टा लहान तरंगलांबीकडे सरकतो. म्हणून एकाच फिल्टरने आधी हायड्रॉक्सिलची रेषा आणि नंतर तिच्या शेजारचा रिकामा भाग असे दोन्ही मोजता येतात. रिकाम्या भागात ताऱ्यांचा आणि शहराचा विखुरलेला उजेड असतो. तो वजा केला की रेषेचा खरा उजेड उरतो. मागे बसवलेला फोटोमल्टिप्लायर प्रकाशाचे कण एकेक करून मोजतो. कोल्हापुरात मोजलेल्या दोन रेषा होत्या ७३१.६ आणि ७४०.२ नॅनोमीटरच्या. दोन्ही हायड्रॉक्सिल कंपनाच्या आठव्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर उतरताना फेकतो, पण पहिलीच्या वेळी तो सावकाश फिरत असतो, दुसरीच्या वेळी जास्त वेगाने. हवा थंड असेल तर सावकाश फिरणारे जास्त आणि गरम असेल तर वेगाने फिरणाऱ्यांचा वाटा वाढतो. दोन उजेडांचे गुणोत्तर म्हणजे तापमापक. साठ रात्रींचे मासिक सरासरी तापमान १९४ ते २०८ केल्व्हिनच्या दरम्यान राहिले, आणि पुष्कळ रात्री तासा-दोन तासांच्या फेऱ्याने तापमान वर-खाली होताना दिसले. हवेच्या ज्या लाटा पन्हाळ्याच्या छायाचित्रांत आकार म्हणून दिसल्या, त्याच प्रकारच्या लाटांची ही काळात उमटलेली खूण.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. या कामात हायड्रॉक्सिल हा फक्त तापमापक आहे, अभिक्रिया कशी घडली याचा शोध यात नाही, तेव्हा याला अभिक्रियांच्या गतिविज्ञानाचा इतिहास कसे म्हणायचे? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. कोल्हापूरच्या संशोधकांना हवेचे तापमान हवे होते आणि त्यांनी तेच मोजले. पण हा तापमापक कशावर उभा आहे ते पाहा. आठव्या पायरीवरच्या हायड्रॉक्सिलचे फिरणे भोवतालच्या हवेच्या तापमानाशी जुळलेले आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. जन्माच्या क्षणी ते जुळलेले नसते. अभिक्रियेत सुटलेल्या ऊर्जेमुळे नवा हायड्रॉक्सिल वेडावाकडा, फार वेगाने फिरत बाहेर येतो आणि टकरींमुळे हळूहळू शांत होतो. ८७ किलोमीटरवर एका टकरीनंतर दुसरी टक्कर व्हायला दोन आकडी मायक्रोसेकंद लागतात आणि प्रकाश फेकण्याआधी हायड्रॉक्सिलला मिळतात काही मिलिसेकंद. म्हणजे टकरी शंभराच्या आसपास. तेवढ्यात त्याचे फिरणे पुरते शांत होते का? याचे उत्तर हवामानशास्त्राजवळ नाही. ते प्रयोगशाळेतच मिळू शकते आणि टकरींचा हिशेब इतक्या बारकाईने मांडणारे साधन म्हणजे लेसर. २०२ केल्व्हिन या आकड्याच्या पोटात अभिक्रियांचे गतिविज्ञान असे दडलेले आहे. ते नाकारून तो आकडा वापरता येत नाही.

हा हिशेब मांडण्याचे मोठे काम कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत झाले. तिथे रिचर्ड कोपलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात लेसरने उंच पायऱ्यांवरच्या हायड्रॉक्सिलचा माग काढला. आठव्या किंवा नवव्या पायरीवर किती कण आहेत ते लेसरच्या स्पंदाने पाहायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचा, पुन्हा पाहायचे, आणि भोवतालचा वायू बदलून तीच मोजणी करायची. नायट्रोजन त्यांना हळू खाली आणतो, ऑक्सिजनचा रेणू कितीतरी वेगाने, आणि ऑक्सिजनचा सुटा अणू त्याहूनही वेगाने, असे दिसून आले. २०१० नंतर त्याच संस्थेत कॉन्स्टँटिनोस कालोगेराकिस आणि सहकाऱ्यांनी एक नवी वाट दाखवली. ऑक्सिजनच्या अणूशी टक्कर झाली की हायड्रॉक्सिल एकदम अनेक पायऱ्या उतरू शकतो आणि ती ऊर्जा घेऊन ऑक्सिजनचा अणूच उत्तेजित होतो. दुसरीकडे मोठ्या दुर्बिणींना, हवाईमधल्या केक आणि चिलीतल्या व्हीएलटीला, दूरच्या ताऱ्यांचा वर्णपट घेताना मध्ये येणारा हायड्रॉक्सिलचा प्रकाश वजा करावा लागतो. अनेक वर्षे कचरा म्हणून वेगळे काढलेले हे वर्णपट तपासले तेव्हा दिसले की कंपनाच्या वरच्या पायऱ्यांवरचे हायड्रॉक्सिल भोवतालच्या हवेपेक्षा ‘गरम’ दिसतात, कारण त्यांचे फिरणे पुरते शांत झालेले नसते. आठवी पायरी वरच्यांपैकीच. तेव्हा कोल्हापूरचे २०२ केल्व्हिन खऱ्या तापमानापेक्षा काही केल्व्हिनने चढे असण्याचा संभव आहे. १९८० नंतर जगभर आठव्या पायरीवरून तिसरीवर उतरतानाच्या याच प्रकाशाने मोजलेल्या तापमानांनाही हेच लागू पडते. तासा-दोन तासांच्या चढउतारांना या दुरुस्तीचा धक्का कमी बसतो, कारण चूक दोन्ही टोकांना जवळजवळ सारखीच असते. अगदी सारखी नसते, हेही सांगायला हवे. लाट जेव्हा हवेचा थर वर-खाली नेते तेव्हा टकरींची संख्या आणि ऑक्सिजनच्या अणूंचे प्रमाण बदलते, आणि त्यासोबत चूकही थोडी बदलते.

आता दुसरा आक्षेप. साठ रात्रींतून निघाले ते आधीच ठाऊक असलेले सुमारे २०० केल्व्हिनच. कमी अक्षांशांवरच्या इतर ठिकाणी तेच मिळाले होते आणि त्या काळच्या वातावरणाच्या प्रतिमानांशीही ते जुळले. मग यात नवे काय? ज्यांचे लक्ष शोधाच्या पहिलेपणावर असते त्यांना हे काम किरकोळ वाटणार. पण ज्या नोंदीचा अर्थ प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर अवलंबून आहे, त्या नोंदीची किंमत तिच्या पहिल्या निष्कर्षावर ठरत नाही. त्या त्या रात्री, त्या त्या वेळी दोन रेषांचा उजेड किती होता हे पुन्हा कधीही मोजता येणार नाही. तापमान काढण्याची रीत मात्र दहा वेळा सुधारता येईल. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या स्वतःच्याच इतिहासात याचा पुरावा आहे. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला आलेले प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या निरीक्षकांनी हाताने नोंदवले होते. त्यामागचे भौतिकशास्त्र त्या वेळी कुणालाच माहीत नव्हते. २००३ मध्ये सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी ते आकडे पुन्हा वाचले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक कुलाब्यात सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेला होता हे त्यांनी दाखवले, आणि आजही अवकाशातल्या वादळांचा सर्वांत वाईट प्रसंग ठरवताना जगभर हा आकडा घेतला जातो. हे जमले, कारण कुलाब्याने सरासरी न छापता वेळेनिशी वाचन छापले होते. कोल्हापूरच्या बाबतीतही सरासरी तापमानाने काम भागणार नाही. आठव्या पायरीची लेसरने ठरवलेली दुरुस्ती २०२ या एका आकड्याला लावता येत नाही. ती लावावी लागते ७३१.६ आणि ७४०.२ नॅनोमीटरच्या मूळ मोजण्यांना, त्या रात्रीच्या पार्श्वभूमीच्या उजेडासकट आणि त्याच वेळी रडारने मोजलेल्या वाऱ्यांच्या शेजारी ठेवून.